एकाच प्रतिस्पर्ध्याशी दोनशे वर्षं

ईटन आणि हॅरो या इंग्लंडमधल्या दोन शाळांची मुलं एकमेकांविरुद्ध क्रिकेट खेळल्याची पहिली नोंद २ ऑगस्ट १८०५ ची आहे. यशवंतराव होळकर तेव्हा अजून इंग्रजांशी लढत होते आणि ट्रफाल्गरची लढाई व्हायची होती. तेव्हापासून मधली काही वर्षं सोडली, तर हा सामना होत आला आहे आणि लंडनच्या लॉर्ड्स मैदानाशी त्याचं नाव कायमचं जोडलं गेलं आहे. पुढील पानांत या लढतीचे निकाल, शतकं, गोलंदाजीतले पराक्रम आणि गाजलेली धावपत्रकं तक्त्यांच्या रूपात मांडली आहेत. अशा तक्त्यांकडे वळणारा वाचक बहुधा दोनच प्रश्न घेऊन येतो: एकूण कोण पुढे आहे, आणि सर्वांत मोठी खेळी कोणाची? दोन्ही प्रश्नांची उत्तरं या आकडेवारीत मिळतील. पण तिचं खरं मोल त्या उत्तरांत नाही, असं मला वाटतं. शालेय क्रिकेटमधला कोणताही आकडा एकट्या मुलाचा किंवा एकट्या शाळेचा नसतो. समोर कोण होतं हे कळल्याशिवाय त्याला वजन येत नाही. समोरची शाळा पिढ्यान् पिढ्या तीच राहिली, तर मात्र साध्या धावा-बळींच्या नोंदीतूनही संस्थांच्या चढउताराचा इतिहास वाचता येतो. ही प्रस्तावना तेवढा एकच मुद्दा मांडण्यासाठी आहे.

मुळात नोंद का लागते, हे १८०५ च्या सामन्यातच दिसतं. ईटनने १२२ धावा केल्या. हॅरोचे दोन डाव ५५ आणि ६५ धावांत आटोपले आणि ईटन एक डाव व दोन धावांनी जिंकलं. हॅरोच्या संघात पायाने अधू असलेला एक सतरा वर्षांचा मुलगा होता. पुढे तो कवी लॉर्ड बायरन म्हणून जगाला माहीत झाला. सामन्यानंतर दोनच दिवसांनी मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने पहिल्या डावात ११ आणि दुसऱ्या डावात ७ धावा केल्याचं सांगितलं. धावपत्रकात त्याच्या नावासमोर ७ आणि २ आहेत. बायरन जाणूनबुजून खोटं बोलला असं म्हणायचं कारण नाही. हरलेल्या सामन्यातल्या आपल्या धावा दोन दिवसांत दुप्पट होणं हे क्रिकेट खेळणाऱ्या कोणालाही परकं वाटणार नाही. मुद्दा असा की बायरनचं पत्र एका बाजूचं आहे, तर धावपत्रक दोन्ही बाजूंसमोर भरलं जातं. फलंदाजाची प्रत्येक धाव त्यात कोणत्या तरी गोलंदाजाच्या खात्यावर पडते, आणि हा ताळा जुळावाच लागतो. शाळेच्या वार्षिकांकातल्या गौरवलेखापेक्षा धावपत्रकावर जास्त भरवसा ठेवायचा तो याचसाठी.

हा भरवसा आंधळा असून मात्र चालणार नाही. जुलै १८२५ मध्ये लॉर्ड्सच्या पॅव्हेलियनला रात्री आग लागली आणि तिथल्या एमसीसी या क्लबचे जुने कागद तिच्यात जळून गेले. या लढतीच्या सुरुवातीच्या वर्षांचा तक्ता म्हणूनच विरळ आहे. जे सामने नोंदले गेले, त्यांतले कोणते मोजायचे यावरही एकमत नाही. पहिला सामना मुलांनी आपसांत ठरवलेला. तो शाळांमधला अधिकृत सामना कसा, असा हॅरोच्या जुन्या विद्यार्थ्यांचा आक्षेप आहे. १८०५ धरायचा असेल तर १८५७ चा सामना का वगळता, असंही ते विचारतात, आणि ‘विस्डेन’ या क्रिकेटच्या वार्षिकालाही या तक्रारीची दखल घ्यावी लागली. दोन्ही महायुद्धांच्या काळातले सामने प्रचलित हिशेबात धरले जात नाहीत. शिवाय ज्या लॉर्ड्सवर ही परंपरा जोपासली गेली असं आपण म्हणतो, ते आजचं मैदान १८१४ मधलं आहे. बायरन खेळला ते लॉर्ड्स वेगळ्या जागी होतं.

मग अशा तक्त्याचा उपयोग काय, असं कोणी विचारील. काय मोजायचं हेच माणसं ठरवत असतील, तर आकड्यांना शेंडा-बुडखा उरतोच कुठे? या आक्षेपात तथ्य आहे, पण तो पोहोचतो फक्त बेरजेपर्यंत. १८०५ धरला किंवा सोडला तर ईटनच्या खात्यातला एक विजय वाढेल किंवा घटेल. एवढ्याने या दोन शाळांबद्दलची आपली समज तसूभरही बदलत नाही. त्यात ईटन ही मोठी शाळा, आज तिथे सुमारे तेराशे मुलं आहेत, तर हॅरोत आठशेच्या आसपास. अकरा जण निवडायला जिथे जास्त मुलं, तिथलं पारडं थोडं जड असणारच. म्हणून ‘एकूण विजय’ हा रकाना या आकडेवारीतला सर्वांत ठळक आणि सर्वांत कमी बोलका रकाना आहे. बोलतात त्या निकालांच्या सलग ओळी. एका बाजूचे विजय कुठे एकापाठोपाठ येतात, कुठे वर्षानुवर्षं येतच नाहीत, आणि ओळ कुठे तुटते, हे पाहावं.

अशा तीन ओळींचं उदाहरण घेऊ. १८५० च्या दशकात हॅरोने ईटनला वरचेवर हरवलं. त्याआधी थोडीच वर्षं, १८४४ च्या सुमारास, हॅरो शाळा बंद पडते की काय अशी वेळ आली होती. मुलांची संख्या साठ-सत्तरवर घसरली होती. मग चार्ल्स व्हॉन हे मुख्याध्यापक आले, आणि त्यांच्या कारकिर्दीत ती संख्या चारशेंच्या वर गेली. त्याच काळात फ्रेडरिक पॉन्सनबी आणि रॉबर्ट ग्रिम्स्टन हे दोन माजी विद्यार्थी हॅरोच्या मुलांना क्रिकेट शिकवण्यासाठी वर्षानुवर्षं मैदानावर येत राहिले. शाळेची पडझड थांबली, शिकवणारी माणसं मिळाली आणि निकालांची ओळ फिरली. दुसरी ओळ उलट्या दिशेची: १९०८ मध्ये जिंकल्यानंतर हॅरोला पुढचा विजय मिळाला तो थेट १९३९ मध्ये. तिसरी १९७५ आणि २००० यांच्यामधली. त्या मधल्या वर्षांतही हॅरोच्या नावावर एकही विजय नाही. एखादा मुलगा शाळेच्या पहिल्या संघात फार तर तीन-चार वर्षं टिकतो. म्हणजे एकतीस वर्षांत निदान आठ-दहा वेळा तरी सगळा संघ बदलला असणार. एवढ्या वेळा माणसं बदलूनही निकाल बदलत नसेल, तर कारण माणसांत शोधून सापडणार नाही. ते शाळेत, तिच्या प्रशिक्षणात, तिथे येणाऱ्या मुलांत शोधावं लागेल. सामना अनिर्णित राखण्याच्या वृत्तीचाही त्यात विचार करावा लागेल, कारण दोन दिवसांच्या सामन्यांत अनिर्णित निकालांचं प्रमाण मोठं होतं.

इथे दुसरा आक्षेप येतो: दर तीन-चार वर्षांनी संघच बदलतो, तर याला एक लढत तरी का म्हणावं? नावं तीच ठेवून दीडशेहून अधिक निरनिराळे सामने खेळले गेले, एवढंच. आक्षेप बरोबर आहे, आणि तोच माझ्या बाजूने पुरावाही आहे. पर्जन्यमापक एकाच जागी रोवून ठेवतात. दर पावसाळ्यात पडणारं पाणी नवं असतं, पण जागा तीच असल्यामुळे दोन वर्षांची तुलना करता येते. मापक दरवर्षी नव्या गावात नेला, तर आकडे मिळतील, तुलना मिळणार नाही. स्थिर प्रतिस्पर्धी ही सोय करून देतो. श्रीलंकेत रॉयल कॉलेज आणि सेंट थॉमस कॉलेज १८७९ पासून खेळत आहेत. तिथेही हेच लागू आहे. १८८५ च्या त्यांच्या सामन्यात रॉयलचा संघ ९ धावांत बाद झाला. त्या सामन्याचा निकाल काय धरायचा यावर दोन्ही बाजू आजही भांडतात, पण ९ या आकड्यावर कोणी भांडत नाही.

बेरजेकडून एका धावपत्रकाकडे वळलं, म्हणजे ‘समोर कोण होतं’ हा प्रश्न आणखी नेमका होतो. जुलै १९१० चा सामना ‘फाउलरचा सामना’ म्हणून ओळखला जातो. हॅरोच्या २३२ ला उत्तर देताना ईटनचा डाव ६७ वर संपला आणि त्यांना फॉलोऑन मिळाला. दुसऱ्या डावात कर्णधार रॉबर्ट फाउलरने ६४ धावा केल्या, तरी नववा गडी १६९ वर बाद झाला तेव्हा ईटनकडे जेमतेम चार धावांची आघाडी होती. शेवटच्या जोडीने, जॉन मॅनर्स आणि लिस्टर-के यांनी, तिथून ५० धावा जोडल्या. हॅरोला जिंकायला ५५ हव्या होत्या. फाउलरने २३ धावांत ८ बळी घेतले, हॅरोची अवस्था ९ बाद ३२ झाली. शेवटच्या जोडीने आणखी १३ धावा काढून धाकधूक वाढवली, आणि ४५ वर अलेक्झांडर नावाचा मुलगा स्लिपमध्ये झेल देऊन ८ धावांवर परतला. ईटन नऊ धावांनी जिंकलं. तक्त्यात हे सगळं ‘फाउलर, ८-२३’ एवढ्यात उरकतं. पण पत्रक पूर्ण वाचलं तर दिसतं की मॅनर्स आणि लिस्टर-के यांच्या त्या ५० धावा नसत्या, तर हॅरोला फक्त पाच धावा हव्या असत्या आणि फाउलरला आठ बळी घ्यायला वावच मिळाला नसता. विक्रम एकाच्या नावावर लागला, पण त्याला जागा करून दिली ती अकराव्या क्रमांकापर्यंतच्या साथीदारांनी. आणि त्याला मोल आलं ते नऊ गडी गेल्यावरही लढणाऱ्या प्रतिस्पर्ध्यामुळे.

शाळकरी विक्रमांवरून पुढचं भाकीत करायची सवय आपल्याकडे फार आहे. हे तक्ते ती मोडायला मदत करतील. या लढतीतली सर्वोच्च खेळी ईटनच्या बोल्सची, १९०४ मधली १८३ धावांची. तिने एमिलियस बेली यांचा १८४१ पासूनचा १५२ धावांचा उच्चांक मोडला. बोल्स इंग्लंडकडून कधीच खेळला नाही. हॅरोच्या मॉरिस बर्डने १९०७ मध्ये दोन्ही डावांत शतकं काढली, आणि तो कसोटीपटू झाला. फाउलर लष्करात गेला. शेवटच्या जोडीतला मॅनर्स १९१४ च्या सप्टेंबरात पहिल्या महायुद्धात मारला गेला. आठ धावांवर बाद झालेला अलेक्झांडर दुसऱ्या महायुद्धात फील्ड मार्शल झाला. शाळेतल्या आकड्यांनी यांतलं काय आधी सांगितलं असतं? काहीच नाही, आणि तशी अपेक्षा ठेवणं हाच त्या आकड्यांवर अन्याय आहे. त्या दिवशी, त्या प्रतिस्पर्ध्यासमोर काय घडलं एवढंच ते सांगतात.

मराठी वाचकाला दूरच्या दोन श्रीमंत शाळांच्या या हिशेबाशी काय देणं-घेणं, असं वाटू शकेल. दुवा सरळ आहे. १८७० च्या सामन्यात ईटनकडून खेळणाऱ्या एका मुलाने, गोलंदाजाच्या हातून चेंडू सुटण्याआधीच क्रीझ सोडणाऱ्या हॅरोच्या वॉलरॉथ या फलंदाजाला धावबाद केलं. १९४७ मध्ये सिडनीत विनू मंकड यांनी बिल ब्राऊनला असंच बाद केलं तेव्हा ऑस्ट्रेलियात गदारोळ झाला आणि त्यांचं नाव या प्रकाराला चिकटलं. त्याआधी सत्याहत्तर वर्षं तो लॉर्ड्सवरच होऊन गेला होता. ईटनचा तो मुलगा म्हणजे लॉर्ड हॅरिस. १८९० ते १८९५ या काळात ते मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. एस्प्लनेडच्या मैदानावर एतद्देशीयांनी क्रिकेट खेळायचं की युरोपियनांनी पोलो, या वादात त्यांनी पोलोवाल्यांना झुकतं माप दिल्याचा ठपका त्यांच्यावर आहे. तरीही मुंबईच्या शालेय क्रिकेटमधली सर्वांत मानाची ढाल त्यांच्याच नावाची आहे, आणि तिचे सामने त्याच एस्प्लनेडचा भाग असलेल्या आझाद मैदानावर गाजले.

याच हॅरिस ढालीत फेब्रुवारी १९८८ मध्ये शारदाश्रम शाळेच्या विनोद कांबळी आणि सचिन तेंडुलकर यांनी सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अभंग भागीदारी केली. कांबळी नाबाद ३४९, तेंडुलकर नाबाद ३२६, संघाच्या २ बाद ७४८. हे आकडे मुंबईत पाठ आहेत. त्याच धावपत्रकातल्या दोन नोंदी मात्र कमी लोकांना आठवतात. झेवियर्सकडून गोलंदाजी करणाऱ्या साईराज बहुतुलेने २७ षटकांत १८२ धावा दिल्या आणि त्याला एकही बळी मिळाला नाही. तो पुढे भारताकडून कसोटी खेळला. पॅड बांधून आपल्या पाळीची वाट पाहणाऱ्या अमोल मुजुमदारच्या नावासमोर काहीच नाही, कारण त्याची पाळी आलीच नाही. पुढे प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्याच्या ११,१६७ धावा झाल्या, भारताची टोपी काही मिळाली नाही, आणि २०२५ मध्ये विश्वविजेत्या ठरलेल्या भारतीय महिला संघाचा तो प्रशिक्षक होता. भागीदारीत जास्त धावा केलेला कांबळी १७ कसोटी खेळला, कमी धावा केलेला तेंडुलकर २००. तरीही ६६४ ला एक वजन आहे, कारण समोर पुढे कसोटीपटू झालेला गोलंदाज होता आणि सामना मानाच्या स्पर्धेचा उपांत्य सामना होता.

आता जानेवारी २०१६ मधला कल्याणचा सामना पाहा. भंडारी चषकाच्या या सामन्यात के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडेने आर्य गुरुकुलविरुद्ध नाबाद १००९ धावा केल्या. शाळेने ३ बाद १४६५ वर डाव घोषित केला. आर्य गुरुकुलचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत संपले. एक डाव आणि १३८२ धावांचा हा विजय. प्रणवची चिकाटी आणि दमसास यांविषयी शंका घेण्याचं कारण नाही; दोन दिवस खेळपट्टीवर उभं राहून एकाग्रता टिकवणं हे पंधरा वर्षांच्या मुलासाठी सोपं नव्हतं. पण या धावपत्रकाची दुसरी बाजू, ३१ आणि ५२ ही, पहिल्या बाजूइतकीच मोठी बातमी होती. जगभरच्या वर्तमानपत्रांनी एक बाजू छापली. ज्या मुलांनी ते चेंडू टाकले आणि सीमेपलीकडून ते आणून दिले, त्यांना त्या दिवशी क्रिकेटने काय शिकवलं, हा प्रश्न स्पर्धा भरवणाऱ्यांना विचारायला हवा होता. हा आकडा दोन शाळांमधली दरी मोजतो. ईटन-हॅरोच्या तक्त्यात असा आकडा सापडत नाही, कारण दोन पक्ष दरवर्षी भेटणार असतील तर दरी वाढलेली लगेच दिसते आणि हरलेली शाळा ती बुजवायला लागते.

तिसरा आक्षेप स्वरूपाचा. १९८२ पासून ईटन-हॅरो सामना दोनाऐवजी एका दिवसाचा झाला आणि पुढे मर्यादित षटकांचा. दोन डावांच्या सामन्यातले फाउलरचे बारा बळी किंवा बर्डची दोन शतकं आता कोणाच्या आवाक्यातच नाहीत. म्हणून तक्ते कालखंडांप्रमाणे वेगळे वाचावेत, हेच योग्य. हॅरोच्या मॅथ्यू फॉशच्या १९७५ मधल्या नाबाद १६१ ची तुलना आजच्या डावाशी करू नये. पण हा बदल स्वतःच एक पुरावा आहे. शाळकरी मुलांच्या खेळासाठी लॉर्ड्सचे दोन दिवस देण्याइतकी सवड आणि प्रतिष्ठा कधीपर्यंत होती, हे त्याच्यावरून कळतं.

त्या प्रतिष्ठेवरचा आक्षेप सर्वांत जड आहे, आणि तो टाळून प्रस्तावना पुरी होणार नाही. दोन महागड्या शाळांना लॉर्ड्स दरवर्षी का मिळावं? २०२२ मध्ये एमसीसीने हा सामना तिथून हलवायचं ठरवलं, आणि सभासदांच्या विरोधामुळे निर्णय मागे घ्यावा लागला. इंग्लंडच्या क्रिकेटमधल्या विषमतेची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र आयोगाने जून २०२३ मध्ये हा सामना लॉर्ड्सवर बंद करून तिथे सरकारी शाळांतल्या मुलामुलींच्या अंतिम लढती घ्याव्यात, अशी शिफारस केली. इंग्लंडच्या महिलांना लॉर्ड्सवर पहिला सामना खेळायला १९७६ उजाडावं लागलं, आणि आयोगाचा अहवाल आला तोवर त्यांना तिथे एकही कसोटी मिळाली नव्हती. ईटनच्या मुलांना ते मैदान त्याआधी दीडशेहून अधिक वर्षं मिळत होतं. आयोगाची बाजू मला पटते. पण आकडेवारीचं मोल मैदानाच्या मानावर अवलंबून नाही. सामना उद्या शाळेच्या आवारात खेळला तरी प्रतिस्पर्धी तोच राहील आणि तक्ता पुढे चालेल. उलट, इतकी वर्षं कोणाला आत घेतलं आणि कोणाला बाहेर ठेवलं याचा सर्वांत सलग दस्तऐवज हाच तक्ता आहे.

या आकडेवारीतून महाराष्ट्राने घ्यायची गोष्ट लॉर्ड्सचा थाट नव्हे, नोंदीची शिस्त आहे. मुंबईच्या हॅरिस आणि गाइल्स या शालेय ढालींना शंभर वर्षं होऊन गेली. त्यांतल्या वैयक्तिक उच्चांकांच्या याद्या वर्तमानपत्रं दर हंगामात छापतात. पण कोणत्याही दोन शाळांमधल्या सगळ्या लढतींची पूर्ण धावपत्रकं वर्षवार लावून कोणी समोर ठेवत नाही. ती ठेवली, तर दादर-माटुंग्याच्या मराठी शाळांमधून क्रिकेट उपनगरांतल्या इंग्रजी शाळांकडे केव्हा सरकलं, चांगला मुलगा दुसऱ्या शाळेने नेल्यावर पहिल्या शाळेच्या निकालांचं काय झालं, मैदान गेल्यावर किती वर्षांत संघ बसला, हे अंदाजाने बोलावं लागणार नाही. त्यासाठी शाळांच्या कपाटांतल्या स्कोअरबुका रद्दीत जाण्याआधी उतरवून घ्याव्या लागतील, आणि हरलेल्या संघाचं पानही जिंकलेल्याच्या पानाइतकंच काळजीने उतरवावं लागेल. पुढचे तक्ते वाचताना वाचकाने प्रत्येक मोठ्या आकड्याचं समोरचं पान उलटून पाहावं. त्याच रीतीने आपल्या शाळांचे तक्ते करायला कोणी पुढे आलं, तर या संकलनाचा इथे खरा उपयोग झाला असं म्हणता येईल.